गावच्या ओटीवर टीव्ही: ४५ हजारांत साधा एलईडी, क्यूएलईडी की मिनी एलईडी?

वाशिष्ठी (धागाकर्ती)

मंडळी, चिपळूणजवळच्या आमच्या घरी आई-बाबांसाठी टीव्ही घ्यायचाय. आधीचा ३२ इंची आता मान टाकतोय. लावला की आवाज येतो, पण पडदा बराच वेळ काळाच राहतो. बजेट ४५ हजार, अगदीच ताणलं तर ४८.

घराची तऱ्हा नीट सांगते, कारण इथले जुने धागे वाचले तर सगळे सल्ले शहरातल्या बंद हॉलसाठी दिसले. आमचा टीव्ही असतो ओटीवर. तिन्ही बाजूंनी उजेड आणि दुपारी तीननंतर पश्चिमेच्या दारातून ऊन थेट आत. बाबांची आरामखुर्ची टीव्हीपासून साधारण नऊ फुटांवर. आई झोपाळ्यावर बसते, म्हणजे बऱ्यापैकी बाजूला. भिंतीत सागवानी कप्पा आहे, आतून बरोबर चार फूट रुंद. तो आजोबांनी करून घेतलेला, त्याला हात लावायचा नाही असं बाबांनी बजावलंय. बाबा बातम्या आणि क्रिकेट बघतात, आई संध्याकाळच्या मालिका. डिश आहे, पॅक साधा. आता फायबरही आलंय. गणपतीत आणि मे महिन्यात घर माणसांनी भरलेलं असतं, सामना असेल तर पायऱ्यांवरसुद्धा बसतात.

दुकानात एकाने क्यूएलईडी दाखवला, दुसऱ्याने मिनी एलईडी, तिसरा म्हणाला ओएलईडीच घ्या नाहीतर थोडं थांबा, नवीन येतंय. मला प्रामाणिक मत हवंय.

---

तंत्रवेडा

वाशिष्ठीताई, माहिती इतकी नीट दिलीत की उत्तर देणं सोपं झालं. आधी ही नावं काय आहेत ते बघू.

साधा एलईडी, क्यूएलईडी आणि मिनी एलईडी हे तिन्ही मुळात एलसीडीच. पुढे द्रवस्फटिकांचा पडदा असतो, तो स्वतः प्रकाश देत नाही, फक्त मागून येणारा प्रकाश अडवतो किंवा सोडतो. मागे पूर्वी बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी असतात. क्यूएलईडीमध्ये मागचे एलईडी निळे असतात आणि मध्ये क्वांटम डॉटचा एक थर असतो. हे कण काही नॅनोमीटरचे, निळा प्रकाश घेऊन शुद्ध लाल आणि हिरवा देतात. कण जेवढा मोठा, तेवढा रंग लालकडे झुकतो. या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंग खरोखर सुधारतात. पण काळोख किती काळा दिसणार आणि भर उजेडात चित्र किती टिकणार, यात त्या थराचा हातभार नगण्य.

मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, आणि त्यांचे गट स्वतंत्रपणे मंद-तेज करता येतात. रात्रीचं दृश्य असेल तर तेवढाच भाग विझतो. यात गट किती हा कळीचा प्रश्न. गट मोजके असले तर काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धुरकट वलय दिसतं.

ओएलईडी ही वेगळी जात. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. मागे दिवाच नाही. म्हणून काळा रंग खरा काळा.

---

पुणेरी_पडदा

माझं मत स्पष्ट आहे: टीव्ही वारंवार घेतला जात नाही, तेव्हा बजेट वाढवा, सेल बघून ओएलईडी घ्या. एकदा त्याचा काळा रंग पाहिलात की एलसीडीकडे बघवत नाही. आमच्याकडे रात्री दिवे घालवून सिनेमा लावतो, त्याला तोड नाही.

---

तंत्रवेडा

पुणेरी_पडदा, अंधाऱ्या खोलीत तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ओटीवर भर दुपारी खरा काळा दिसतच नाही, कारण काचेवर दाराचं प्रतिबिंब पडतं. ज्या गुणासाठी लाखभर मोजायचे तो गुण त्या जागी वाया जाईल.

शिवाय बाबा बातम्या बघतात. मराठी वृत्तवाहिन्यांवर खाली लाल-पिवळी पट्टी आणि कोपऱ्यात बोधचिन्ह दिवसभर हलत नाही. ओएलईडीतले सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतात, आणि जिथे सतत तेच उजळलं तिथे जास्त झिजतात. आरटिंग्ज या कॅनडातल्या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी रोज २० तास चालवून पाहिले होते. बातम्यांचं चॅनल लावलेल्या टीव्हीवर पट्टीचे डाग कायमचे उमटले, वेगवेगळे कार्यक्रम असलेल्यांवर तसं झालं नाही. तेव्हापासून पॅनल, म्हणजे टीव्हीचे पडदे, बरेच सुधारले आहेत, पण दिवसभर बातम्या लावणाऱ्या घरात मी आजही ओएलईडी सुचवणार नाही.

---

सोल्डरवाला

मी इचलकरंजीला टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. दोन गोष्टी सांगतो.

ताई, तुमचा जुना टीव्ही टाकू नका. आवाज येतोय, पडदा काळा आहे, तर रात्री खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी टेकवून तिरका मारा. आत माणसं हलताना अंधुक दिसली तर पॅनल शाबूत आहे, फक्त मागचा दिवा गेलाय. एलईडी पट्टीवाला असेल तर एक दिवा उडाला की सगळी माळ बंद पडते, कारण सगळे एकामागोमाग जोडलेले असतात. ३२ इंचीला पूर्ण पट्ट्यांचा संच बदलायला दीड-दोन हजारांत काम होतं. फक्त गेलेला एकच दिवा बदलून देणाऱ्याकडे जाऊ नका, बाकीचे तेवढेच शिजलेले असतात, थोड्या दिवसांनी दुसरा जातो. पट्ट्या बदलल्यात की तो टीव्ही स्वयंपाकघरात कामाला येईल.

दुसरी गोष्ट नव्या टीव्हीची. दुकानात पडदा झगमगता दिसावा म्हणून चित्र ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या सेटिंगवर असतं आणि मागचा दिवा १०० वर. लोक घरी आणून तसाच ठेवतात. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक टीव्ही याच कारणाने येतात. आत उघडून बघा म्हणजे कळेल: पांढरा परावर्तक कागद पिवळा पडलेला, दिव्यावरचं प्लास्टिकचं भिंग गळून खाली पडलेलं. ते भिंग पडलं की पडद्यावर एका जागी पांढरा चकचकीत ठिपका दिसायला लागतो. दिवसा ७०, रात्री ४० वर ठेवलात तर दिव्याचं आयुष्य चांगलंच वाढतं. पॅनल मात्र फुटलं तर विसरा, त्याची किंमत टीव्हीच्या जवळपास जाते.

---

गोदाकाठ

सोल्डरवाला दादा, ही टॉर्चची युक्ती सोन्यासारखी आहे. वाचनखूण साठवली.

वाशिष्ठी, आई मालिका बघतात आणि पॅक साधा आहे, इथे थांबून विचार कर. आमच्याकडे सासूबाईंसाठी मोठा ४के आणला आणि त्यांची पहिली तक्रार होती की सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसतात. टीव्हीत काहीही खोट नव्हती. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या, वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांहूनही थोडे कमी. ४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख. वीस ठिपक्यांमागे एकच खरा येतो, उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने भरतो. स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर हे काम अगदीच ढोबळ करतो, साडीच्या काठावरची नक्षी पार पुसून टाकतो.

उपाय स्वस्त आहे. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या तिन्हींच्या एचडी वाहिन्या आहेत. आई बघतात तेवढ्याच घ्या, आणि डिशचा डबा एचडी आहे ना, तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांऐवजी एचडीएमआय वायरने जोडलाय ना, एवढं बघा. नवा टीव्ही आणूनही जुनीच पिवळी पिन खुपसलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

---

हिरवळ

+१. क्रिकेटचंही तेच.

क्रिकेटप्रेमींसाठी भर घालतो. दुकानात माशांचे आणि फुलांचे व्हिडिओ बघू नका, सामन्याचा तुकडा लावायला सांगा. कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे धावतो तेव्हा हिरव्या मैदानाकडे बघा. स्वस्त पॅनलवर उभे काळपट पट्टे गवतावर सरकताना दिसतात. पॅनलमागचा प्रकाश सगळीकडे सारखा पसरलेला नाही याची ती खूण. सिनेमात कळत नाही, क्रिकेटमध्ये पाच षटकांत डोक्यात जातं.

आणि खोक्यावरच्या ‘मोशन रेट १२०’ला भुलू नका. पॅनल मुळात ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारं असतं, १२० हा नुसता जाहिरातीतला आकडा. तशी आपल्याकडची डिशवरची प्रक्षेपणं बघता ६० पुरतं. १२० चा खरा फायदा गेम खेळणाऱ्या मुलांना.

---

वाशिष्ठी

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्च लावून पाहिलं, आत चित्र हलतंय! बाबा लहान मुलासारखे खूश झाले.

आता आकार. ५५ घ्यावा असं भाऊ म्हणतोय, कारण ५० आणि ५५ च्या किमतीत थोडाच फरक आहे. आणि पॅनल व्हीए घ्या, आयपीएस घेऊ नका, असं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. ते कसं ओळखायचं?

---

तंत्रवेडा

आकाराचं आधी. ५५ इंच हे तिरकं माप. चित्राची रुंदी भरते जवळपास १२२ सेंटिमीटर आणि चार फूटही १२२ च. कडा धरल्या की कप्प्यात जाणार नाही, गेला तरी मागून हवा खेळणार नाही. ५० इंचीची रुंदी १११ च्या आसपास, दोन्हीकडे चार-पाच सेंटिमीटर मोकळे राहतात. कप्पा वाचवायचा असेल तर प्रश्न तिथेच मिटला.

नऊ फुटांवरून ५० इंचीवर ४के आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला कळत नाही. तो कळायला चित्राच्या उंचीच्या साधारण तिपटीच्या आत बसावं लागतं, म्हणजे ५० इंचीला साडेसहा फुटांच्या आत. पण या आकारात सगळे ४केच येतात, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे द्यायला लागत नाहीत. ८के शब्द कुणी काढला तर सरळ पुढे चला.

व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्याचेच दोन प्रकार. त्यांच्याबद्दल मी व्हिडिओवाल्यांशी सहमत नाही, निदान तुमच्या घरापुरता. समोरून बघितलं तर व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातला फरक, ३००० ला १ च्या पुढे असतो, आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. अंधारात फरक ठळक दिसतो, आयपीएसचा काळा राखाडी वाटतो. पण व्हीएला बाजूने बघा: रंग फिके पडतात, चेहरे पांढुरके होतात. तुमच्या आई झोपाळ्यावर, गणपतीत माणसं पायऱ्यांवर, आणि ओटीवर अंधार असा कधी नसतोच. तुम्हाला बाजूने चांगलं दिसणारंच पॅनल हवं.

कंपन्या हे छापत नाहीत, आणि एकाच मॉडेलमध्ये कधी हे तर कधी ते पॅनल येतं. चीनच्या बीओईचं एडीएस पॅनल आयपीएसच्याच जातीचं असतं, पण तेही खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यामुळे डोळ्यांनीच तपासा. माणसाचा मोठा चेहरा पडद्यावर आणा, समोरून बघा, मग झोपाळ्याच्या कोनात जाऊन उभ्या राहा. त्वचेचा रंग तोच राहिला तर काम झालं.

---

पुणेरी_पडदा

हे पटलं. माझी खोली आणि यांची ओटी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, माझा ओएलईडीचा सल्ला इथे लागू नाही. पण मग ४५ हजारांत ५० इंची मिनी एलईडी का नको? उजेडात तोच जास्त तळपेल.

---

तंत्रवेडा

चांगला असेल तर जरूर. प्रश्न असा की या किमतीतल्या कितीतरी मिनी एलईडींत गट इतके थोडे असतात की नावापुरतंच काम होतं, आणि त्यांचं पॅनल बहुधा व्हीए असतं. साध्या एलईडीचा पडदा २५० ते ३०० निट्स (हे तेजाचं माप) देतो. खोक्यावर एचडीआर १० (उजळ आणि काळोखे भाग जास्त ठळक दाखवणारा चित्रप्रकार) लिहिलेलं असलं तरी एवढ्या प्रकाशात एचडीआरचा परिणाम उमटत नाही, तो संकेत फक्त वाचला जातो. ४०० च्या वर जाणारा मिळाला तर ओटीवर फरक जाणवेल. पण थेट उन्हापुढे ६०० सुद्धा कमीच. दाराला बांबूची चिक लावा, तिचा उपयोग कुठल्याही पॅनलपेक्षा जास्त होईल. कप्पा दाराच्या समोरच्या भिंतीत आहे की काटकोनात?

---

वाशिष्ठी

काटकोनात.

---

तंत्रवेडा

मग निम्मी लढाई जिंकलीत, दाराचा उजेड समोरून थेट पडद्यावर येणार नाही.

---

निळाई

थांबायचं का, हा प्रश्न राहिला. माझं ठाम मत: थांबू नका. वाट बघणाऱ्यांचं काय झालं हे मी जवळून पाहिलंय. प्लाझ्मा टीव्ही हेच भविष्य म्हणत होते. पॅनासोनिकने २०१३ संपता संपता उत्पादन बंद केलं, वर्षभरात सॅमसंग आणि एलजीनेही. मग २०१० च्या सुमारास थ्रीडी टीव्हीचा गाजावाजा. चष्मे लावून बातम्या कोण बघणार, हे तेव्हाच दिसत होतं. २०१७ पर्यंत एलजी आणि सोनीनेही तो सोडला. वळवलेले पडदेही असेच आले आणि गेले. आता लाल-हिरव्या-निळ्या स्वतंत्र दिव्यांचे मिनी एलईडी आलेत. २०२५ मध्ये दाखवले गेले ते ११५-११६ इंचांचे, किमती मोटारीच्या. त्यांतलं काही ५० इंची स्वस्त टीव्हीत उतरेपर्यंत आई-बाबांनी काळ्या पडद्यापुढे बसायचं का? साठी-सत्तरीतल्या माणसांचा विरंगुळा पुढच्या दिवाळीवर ढकलू नये असं मला मनापासून वाटतं.

किमतीचं म्हणाल तर खरी उतरण होऊन गेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी करासकट ३२ हजारांना मिळणारा टीव्ही त्या हिशेबाने साडेएकोणतीसला यायला हवा. जुन्या छापील किमतीवर ‘खास सूट’ लिहून तेवढंच कमी करणारे दुकानदार असतात, म्हणून तीन ठिकाणी विचारा.

---

सोल्डरवाला

ब्रँडबद्दल एक. कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट ही नावं जुनी आणि परदेशी, पण भारतात हे टीव्ही नोएडाची एकच कंपनी परवाना घेऊन बनवते. यात वाईट काही नाही, टीव्ही चालतात. पॅनल बहुतेक सगळ्यांचं चीनमधूनच येतं. सॅमसंगने २०२२ मध्ये एलसीडी पॅनल बनवणं सोडलं, आणि एलजीने चीनमधला आपला ग्वांगझूचा एलसीडी कारखाना टीसीएल या चिनी समूहाच्या कंपनीला विकला. तेव्हा नावापेक्षा एवढंच विचारा: चिपळूणला माणूस घरी येतो का? दुकानदाराचा शब्द नको. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तुमचा पिनकोड सांगून आधीच विचारा. गावाकडच्या गिऱ्हाइकांची खरी रड इथेच असते. वॉरंटी चालू असते पण रत्नागिरीहून माणूस यायला पंधरा दिवस लागतात.

आणि कोकणात आहात म्हणून सांगतो: आजच्या टीव्हीला स्टॅबिलायझर लागत नाही, १०० ते २४० व्होल्टमध्ये तो सांभाळून घेतो. मारते ती आकाशातली वीज. मे महिन्याच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिशची केबल डब्यातून काढा आणि फायबरच्या राउटरचाही प्लग काढा. वीज डिशच्या तारेतून डब्यात आणि तिथून एचडीएमआयवाटे टीव्हीत शिरते. पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे असे मदरबोर्ड जळलेले टीव्ही रांगेने येतात. अर्थिंग तपासून घ्या, जुन्या घरांत ते नुसतं नावाला असतं.

---

गोदाकाठ

स्मार्टपणाचं कुणी बोललं नाही. १ जीबी रॅमचा टीव्ही दोन वर्षांत रांगायला लागतो, २ जीबी तरी बघ. तेही अडलं तर नवा टीव्ही घ्यायची गरज नसते, तीन-चार हजारांची, एचडीएमआयमध्ये खोचायची स्मार्ट स्टिक लावली की झालं. म्हणून टीव्ही निवडताना पडदा आणि आवाज बघ, अ‍ॅप शेवटी. आईंना रिमोटवर एक बटण दाबून डिश दिसली पाहिजे. टीव्ही सुरू होताच थेट एचडीएमआयवर जाईल अशी सेटिंग बहुतेकांत असते, ती तू लावून दे.

---

वाशिष्ठी

काल चिपळूण आणि खेडला जाऊन आले. तंत्रवेडा म्हणाले तसं बाजूला उभी राहून बघितलं आणि थक्क झाले. समोरून सगळ्यांत झकास दिसणारा क्यूएलईडी झोपाळ्याच्या कोनातून पार पांढुरका. शेजारचा साधा ५० इंची, त्याच कंपनीचा, बाजूनेही तसाच. दुकानदार म्हणाला, असं कुणी बघत नाही.

तोच घेतेय, साडेतेहतीसला. सेवा केंद्र चिपळुणातच आहे, फोन करून खात्री केली. उरलेल्यांत आईच्या एचडी वाहिन्या, दाराला चिक, जुन्याच्या पट्ट्या आणि एक छोटा साउंडबार. बाबांना बोलणं नीट ऐकू येत नाही आणि नव्या टीव्हींचे स्पीकर खालच्या बाजूला. शनिवारी येईल. आल्या आल्या काय तपासू?

---

हिरवळ

खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, माणूस जायच्या आत टीव्ही सुरू करा. यूट्यूबवर नुसता करडा पडदा दाखवणारे व्हिडिओ मिळतात, तो लावून पाच फुटांवरून बघा: पट्टे, डाग, कोपऱ्यात उजेड. मग पूर्ण काळा, लाल, हिरवा, निळा. मेलेला ठिपका यात सापडतो. काही दिसलं तर त्याच दिवशी बदलून मागा, बदलायची मुदत फार थोडी असते.

---

सोल्डरवाला

आणि साउंडबारची वायर ‘एआरसी’ लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या) एचडीएमआयमध्येच लावा, दुसऱ्यात लावली तर आवाज येणार नाही. पट्ट्यांसाठी जुन्या टीव्हीच्या मागच्या लेबलचा आणि आतल्या पॅनल क्रमांकाचा फोटो इथे टाका, कुठला संच लागेल ते सांगतो.